माळ्यावरची शिट्टी

पार्मा, २७ डिसेंबर १९६२

लाडक्या आर्जिया,

काल आमचा ऑपेराचा हंगाम सुरू झाला आणि तू तिकडे त्रिएस्तेत लेकीच्या घरी समुद्राचा वारा खात बसलीस, ह्याबद्दल मी तुला जन्मात माफ करणार नाही. तुझ्या जागेवर एक जाडा शिक्षक बसला होता. तीन अंक नुसता खोकत होता मेला.

सकाळी आठला रांगेत उभी राहिले. थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं लागत होतं. सूनबाईनं नाताळच्या उरलेल्या सारणाच्या आनोलिनी रश्श्यासकट थर्मासात भरून दिल्या होत्या. ग्वेर्रीनो न्हाव्यानं वासावरूनच ओळखलं आणि म्हणाला, "एर्सिलियाबाई, रांगेत माझा नंबर तुमच्या पुढे आहे. दोन चमचे दिलेत तर सरकतो." मी म्हटलं, "तू सरक किंवा नको सरकू, माझी जागा माझीच आहे." आणि होतीच. थिएटरच्या सगळ्यात वर, माळ्यावर, कठड्याला लागून मधली. कोणी बसत नाही तिथे.

कालचा ऑपेरा तोच, दीपगृहवाल्याच्या मुलीचा. तिसऱ्या अंकात ती वादळात वर चढून बोटीला हाक मारते ना, तो. आपण दोघी लहानपणी कपडे वाळत घालताना ती हाक मारायचो आणि शेजारीण खिडकी लावून घ्यायची. काल मुलीच्या कामाला नवीनच पोरगी होती, देल्फिना सार्तोर. तेवीस वर्षांची, उदिनेकडची, सुताराची लेक. पहिले दोन अंक छान गायली. मी डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. आणि तिसऱ्यात, हाकेचा जो वरचा सूर आहे, तिथे उतरली! चांगली पाव सुरानं उतरली. मी दोन बोटं तोंडात घातली.

पुढचं तुला माहीतच आहे. मी वाजवली की माळा वाजवतो. एकतीस साली त्या मोठ्या गवयानं वाद्यवाल्यांना गुपचूप अर्धा सूर खाली वाजवायला लावलं होतं आणि फक्त मला कळलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. चाळीस शिट्ट्या एकदम! पोरीनं छातीवर हात ठेवला, माळ्याकडे वर बघितलं आणि निघून गेली. परत आलीच नाही. शेवट दुसरीनंच कसाबसा गायला.

वाईट वाटलं थोडं. पण पार्मात गायचं तर हे आलंच. बाबा म्हणायचे ना, शिट्टी म्हणजे माणसाला चारचौघांत जोड्यानं मारणं आहे, म्हणून हात साफ असेल तरच मारा.

बाकी ठीक. आपल्या चर्चच्या घंटेला काय झालंय कोण जाणे, ऑक्टोबरपासून बेसूर वाजते. नातीचा पियानोही उतरलाय. हल्ली कोणाला कशाची काळजीच नाही.

तुझी ताई,
एर्सिलिया

*

त्रिएस्ते, ३ जानेवारी १९६३

प्रिय ताई,

समुद्राचा वारा खात बसले म्हणतेस? इथला वारा माणसाला खातो. काल माझी छत्री घेऊन गेला. जावई म्हणतो, आता ती युगोस्लावियात असेल.

ताई, रागावणार नसशील तर एक विचारते. तुझा तो ऑपेरा आम्ही रेडिओवर ऐकला. लेक, जावई आणि मी, तिघंही रेडिओला चिकटून. हाकेचा सूर आला आणि माझ्या अंगावर काटा आला. सरळ, स्वच्छ, ताणलेल्या दोरीसारखा. मी लेकीचा हात दाबला. आणि तेवढ्यात शिट्ट्या! आम्हाला वाटलं, माळ्यावर मारामारी लागली की काय. मी म्हटलंसुद्धा, ग्वेर्रीनोनं कोणाची तरी बायको छेडली असेल.

आणि तू लिहितेस, उतरली.

माझे कान तुझ्यासारखे नाहीत, हे मला मान्य आहे. तू लहानपणी पाणी ओतताना घडा किती भरला ते आवाजावरून सांगायचीस. पण ताई, पाव सूर मलाही कळतो गं.

आणि ती घंटा आणखी कोणाला बेसूर वाटते का? सहज विचारलं.

तुझी,
आर्जिया

*

पार्मा, ९ जानेवारी

आर्जिया,

रेडिओ खोटं बोलतो. ते खोकं आहे, त्याला कान कुठले? तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की भोपळ्याचं सारण करताना मीठ दोनदा घातलं. घरात सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं, कारण माझा चेहरा तसा होता.

पण मग घंटा डोक्यातून जाईना. शेवटी गेले आणि घंटा वाजवणाऱ्याला विचारलं. म्हटलं, "काय रे, नवीन बसवली का? आवाज उतरलाय." तो म्हणाला, "बाई, ही घंटा माझ्या पणजोबाच्या आधीपासून इथे आहे. तिला काय होणार?" आणि हसला. वाईट हसला नाही, आपण आजीबाईंना हसतो तसं.

घरी आले. सगळे बाहेर गेलेले. दार लावून घेतलं. पेल्यावर काटा वाजवला आणि डाव्या कानाशी धरला. मग पुन्हा वाजवला आणि उजव्या कानाशी धरला.

आर्जिया, पेला एकच होता आणि सूर दोन निघाले. डाव्यात जो होता तो उजव्यात खाली होता. मी दहा वेळा केलं. मग तव्यावर पळी, मग खिडकीची काच. शेवटी पुन्हा पेला घेतला आणि तो हातातून निसटून फुटला. सूनबाईला सांगितलं, मांजरानं पाडला.

त्या दिवशी शिक्षक खोकत होता ना, डाव्या बाजूला? मी त्या बाजूचा कान हातानं झाकून घेतला होता. म्हणजे मी पोरीला उजव्या कानानं ऐकलं. नुसत्या उजव्या.

मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. पेपरात आलंय की पोरीचं पुढचं सगळं काम काढून घेतलं, ती गावी परत गेली. तिच्या जागी एक मोठी बाई येणार आहे एकोणीसला. माझं तिकीट काढलेलं आहे. मी गेले नाही तर विचारतील का आली नाही. गेले तर सगळे माझ्याकडे बघतील. मला झोप नाही गं.

एर्सिलिया

*

त्रिएस्ते, १४ जानेवारी

ताई,

पत्र चुलीत घातलं. तुझ्या शब्दाखातर, पण घालण्याआधी दोनदा वाचलं.

आता माझं ऐक, मी धाकटी आहे ते जरा बाजूला ठेव. तू आजारी पड. छातीत कफ झालाय सांग. हा हंगाम घरी बस, पुढच्या वर्षी म्हण, वय झालं, जिने चढवत नाहीत. कोणाला काही कळणार नाही. पोरगी तरुण आहे, ती सावरेल.

मी हे का सांगते ते तुलाही माहीत आहे. बाबांचं आठव. पिआचेन्झाहून, आपल्या वैरी गावाहून, आलेल्या त्या गवयाला केवळ तो पिआचेन्झाचा म्हणून त्यांनी चोख सुरावर शिट्टी मारली, आणि नंतर दारू पिऊन स्वतःच बोलून दाखवलं. चोख सुरावर शिट्टी मारणाऱ्याला माळा ठेवत नाही. दोघांनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना जिन्यानं खाली आणलं. शिवी नाही, धक्का नाही. टोपी हातात दिली. आपण दोघी मागून रडत येत होतो. तू नऊ वर्षांची, मी सहाची.

त्यानंतर अकरा हिवाळे बाबा थिएटरमागच्या गल्लीत भिंतीला कान लावून उभे राहायचे. आत जायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती. पण वर गेले असते तर त्यांच्या शेजारी कोणी बसलं नसतं. तुला गल्लीत उभं राहिलेलं मी कल्पनेतसुद्धा बघू शकत नाही. तुझं दुसरं आहे काय, ताई? भावजी गेले तेव्हासुद्धा चाळिसावा दिवस होण्याआधी तू माळ्यावर होतीस.

गप्प बस. पाया पडते.

आर्जिया

*

पार्मा, २१ जानेवारी

आर्जिया,

मी आजारी पडणार होते. शपथेवर. शनिवारी सकाळी कपाळाला फडकं बांधून पडलेसुद्धा. मग दुपारी उठले, फडकं सोडलं आणि गेले. घरात पडून राहिले असते तर छताकडे बघत त्या पोरीचा छातीवरचा हातच दिसत राहिला असता.

जिना चढताना मला पहिल्यांदाच कळलं, त्याला किती पायऱ्या आहेत. वर सगळे. ग्वेर्रीनोनं माझी जागा रुमाल टाकून धरून ठेवली होती. "या, आमचा कान आला!" म्हणाला. मी हसले.

मोठी बाई आली, जहाजाएवढी. गायली. मी ठरवलं होतं, हात कोटाच्या खिशात ठेवायचे आणि बाहेर काढायचेच नाहीत. तिसरा अंक आला. ती हाकेला चढली, सूर लावला, आणि उजव्या कानात मला तो उतरलेला ऐकू आला. आर्जिया, मला माहीत होतं की कान खोटा आहे. तरीही माझा हात खिशातून वर आला. साठ वर्षांची सवय, हात माझं ऐकेना. तोंडापर्यंत आला.

आणि माझ्या दोन्ही बाजूंना मी बघितलं. सगळे हात वर येत होते. माझा आला म्हणून. ग्वेर्रीनोची बोटं ओठांत गेली होती.

मी उभी राहिले आणि ओरडले, "नाही! वाजवू नका! माझा कान खोटा आहे!"

खाली वाद्यं थांबली नाहीत, देवाची कृपा. पण खालच्या श्रीमंत लोकांनी मान वर करून बघितलं आणि कोणीतरी म्हणालं, "म्हातारी प्यायलीय." मी मटकन खाली बसले.

अंक संपल्यावर सगळे जिन्यावर जमले. मी भिंतीला टेकून सगळं सांगितलं. घंटा, पेला, दोन सूर, खोकणारा शिक्षक. मग म्हटलं, "त्या पोरीचा सूर चोख होता. मी चोख सुरावर शिट्टी मारली. आता काय ते करा." टोपी नव्हती, म्हणून डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला. खाली कोण नेणार, ते बघत उभी राहिले.

कोणी हललं नाही. मग ग्वेर्रीनो म्हणाला, अगदी हळू, "एर्सिलियाबाई, त्या दिवशी मला तो बरोबर ऐकू आला होता."

"मग वाजवलीस का रे?"

"तुम्ही वाजवलीत. मला वाटलं, माझाच कान गेला."

मासळी विकणारी तेरेझिना म्हणाली, "मलाही बरोबरच वाटला होता. घरी जाऊन कानात तेल घातलं मी." मागून आणखी एक जण बोलला. मग आणखी एक. आर्जिया, चाळीस माणसं! सगळ्यांनी चोख सूर ऐकला होता आणि सगळ्यांनी शिट्टी मारली होती. तोवर मला माझ्या कानाची भीती वाटत होती. त्या जिन्यावर मला त्या सगळ्यांच्या कानांची भीती वाटायला लागली.

खाली न्यायचं तर सगळ्यांनाच न्यायला हवं होतं, आणि न्यायला कोणी उरलंच नसतं. तेरेझिना हे बोलली आणि दोघं-तिघं हसले, पण ते हसणं नीट आलं नाही.

मग आम्ही पोरीला पत्र लिहिलं. सांगितलं मी, लिहिलं शिक्षकानं. तोच, खोकणारा. मला तिसरीपर्यंतचंच येतं, तिथे चुका नकोत. खाली चाळीस सह्या. तसंच एक पत्र थिएटरच्या साहेबांना दिलं, की दहा फेब्रुवारीच्या रविवारचा दुपारचा शेवटचा खेळ तिला द्या, नाहीतर माळा रिकामा राहील. ते हो म्हणाले. पोरीचं उत्तर अजून नाही.

ती आली नाही तर?

एर्सिलिया

*

उदिनेजवळून, २९ जानेवारी १९६३

आदरणीय एर्सिलियाआजी,

तुम्हा सगळ्यांचं पत्र पोचलं. मी ते तीन दिवस उघडलंच नाही. पार्माचा शिक्का बघून वडिलांना म्हटलं, जाळून टाका. त्यांनी जाळलं नाही. त्यांनीच वाचून दाखवलं.

तुम्ही लिहिता, सूर चोख होता. ते मला लावतानाच कळलं होतं. मग तुमची शिट्टी आली आणि तेव्हापासून मला काहीच कळेनासं झालं. एक महिना झाला, मी गायलेले नाही. चर्चमध्येही नुसते ओठ हलवते. तोंड उघडलं की सुराच्या आधी शिट्टी ऐकू येते. वडिलांना वाटतं, घसा धरलाय.

मी येईन. आले नाही तर पुन्हा कधी गाणार नाही, हे मला माहीत आहे. पण एक अट आहे. तुम्ही तुमच्या त्याच जागेवर बसायचं. कठड्याला लागून, मधोमध, मला दिसाल अशा. मागे लपायचं नाही. तुम्ही दिसला नाहीत तर मी तुम्हाला शोधत बसेन आणि सूर जाईल.

आणि खरोखर बेसूर झाले तर शिट्टी मारा. कोणी दया म्हणून गप्प बसलं तर ते मला त्याहून वाईट वाटेल.

आपली,
देल्फिना सार्तोर

*

पार्मा, ११ फेब्रुवारी

आर्जिया, माझ्या बाळे,

पोरीचं पत्र तुला पाठवलं होतं, त्यातली अट वाचलीस ना? मी ती शिक्षकाकडून चार वेळा वाचून घेतली. बेसूर झाले तर मारा म्हणे. मला कसं कळणार गं? डॉक्टरकडे गेले होते मधे. त्यानं कानाशी लोखंडी चिमटा वाजवून बघितला. म्हणाला, उजवा गेला, डावाही त्याच वाटेला लागलाय, वर्षा-दोन वर्षांत जाईल. मी विचारलं, "मग मला ऑपेरा कसा ऐकू येईल?" म्हणाला, "येईल, पण तो तुमचा तुम्हालाच." तरुण आहे. त्याला वाटलं, काहीतरी छान बोललो.

काल रांगेत मी काही खाल्लं नाही. ग्वेर्रीनोनं माझ्याकडून आनोलिनी मागितल्या नाहीत, ह्यावरून काय ते समज. माळ्यावर मी मधोमध बसले. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि वर माझं सगळं वजन टाकलं. ते काही कमी नाही, तू जाणतेस.

ती आली. आधीपेक्षा बारीक झाली होती. पहिल्या अंकात आवाज भिंतीला धरून चालणाऱ्या आजाऱ्यासारखा. दुसऱ्यात जरा सुटला. तिसऱ्यात ती शिडी चढली, आणि चढताना तिनं वर बघितलं. सरळ माझ्याकडे. मला तोंड फिरवायचं होतं, डोळे मिटायचे होते, जिन्यानं धावत सुटायचं होतं. पण अट होती. मी बघत राहिले.

तिनं तोंड उघडलं.

मला दोन सूर आले, आर्जिया. एक वर, एक खाली, एकाच श्वासातून. आणि मला खरंच सांगता येईना की पोरगी कुठे आहे.

मी सवयीनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हात वर येताहेत का, ते. आणि काय झालं माहीत आहे? कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. एकही जण नाही. तेरेझिना तोंड उघडं टाकून मंचाकडे बघत होती. ग्वेर्रीनोनं डोळे मिटून घेतले होते आणि त्याची मान थरथरत होती. प्रत्येक जण एकेकटा ऐकत होता. इतकी वर्षं मी त्या कठड्याशी बसले, माळा इतका भ्यालेला मी कधी बघितला नव्हता. चुकायचं कोणालाच नव्हतं.

सूर संपला. कोणी शिट्टी मारली नाही. कोणी टाळीही वाजवली नाही. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन. पोरगी शिडीवर तशीच उभी, हात कठड्याला आवळलेला. माझ्या मनात आलं, संपलं, पुन्हा मारलं आम्ही तिला, आणि ह्या वेळी आवाज न करता.

मग मागच्या कोपऱ्यातून एक टाळी आली. ती खोकणाऱ्या शिक्षकाची. बारीक, लाजल्यासारखी. मग तेरेझिनाची, तिचे हात म्हणजे ओल्या फळ्याच. मग एकेक करून सगळ्या माळ्याची, मग खालच्यांची. वाद्यवाले थांबले, त्यांनाही थांबावं लागलं. मांडीखालून माझे हात निघेनात, मुंग्या आल्या होत्या. माझी टाळी सगळ्यांच्या शेवटी लागली. आजवर कधी असं झालं नव्हतं, आणि काय सांगू तुला, फार हलकं वाटलं.

नंतर मागच्या दारापाशी गेलो, चाळीसही जण, टोप्या हातात घेऊन. पोरगी बाहेर आली. तोंडावर रंग तसाच. कोणीतरी मला पुढे ढकललं. मी म्हटलं, "पोरी, मला क्षमा कर."

तिनं ते बाजूला सारलं, जसं काही ते तिला ऐकायचंच नव्हतं. तिला दुसरंच हवं होतं. माझी बाही धरून तिनं विचारलं, आणि आर्जिया, तिचे दात वाजत होते, "आजी, आज कसा लागला?"

मी खोटं बोलू शकले असते. कोण धरणार होतं मला? पण मी म्हटलं, "मला नाही माहीत गं. मला दोन ऐकू येतात. एक बरोबर, एक उतरलेला. तू कोणता गायलीस ते मला आता कधीच कळणार नाही."

मला वाटलं, आता रडेल. आणि ती हसली. सगळं अंग हलवून हसली, सुतारांच्या घरी हसतात तशी.

"मग आजी, चांगला तेवढा तुम्ही ठेवा," म्हणाली. "दुसरा मी घरी नेते, सरावाला."

तुझी ताई,
एर्सिलिया